आईच्या रिपोर्टमधले ‘री’ आणि नोव्हा-१ हे जनुक

प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी जे लिहिले आहे त्याचा सारांश असा. आईचे वय ५८. गेल्या दोन महिन्यांपासून चालताना तोल जातो, बोलणे जड झाले आहे आणि डोळे आपोआप सैरभैर फिरतात. रक्ताच्या तपासणीत ‘अँटी-री पॉझिटिव्ह’ असे आले आणि त्याच ओळीत पुढे ‘नोव्हा-१’ असे छापलेले होते. मुलीने शोध घेतला तेव्हा नोव्हा-१ हे मेंदूतले एक जनुक असल्याचे आणि माणसाला भाषा मिळण्यात त्याचा हात असल्याचे तिच्या वाचनात आले. आता तिचे तीन प्रश्न आहेत: आईच्या या जनुकात दोष आहे का? तो आपल्याकडे आणि आपल्या मुलांकडे आला असेल का, आणि त्यासाठी जनुकीय तपासणी करून घ्यावी का? आणि ‘भाषेचे जनुक’ बिघडले म्हणून आईचे बोलणे बिघडले आहे का?

तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सविस्तर विवेचन वाचून होईपर्यंत जीव टांगणीला लागू नये. आपल्या आईचे नोव्हा-१ जनुक बिघडलेले आहे असे हा रिपोर्ट म्हणत नाही. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाविरुद्ध आईच्या रक्तात अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, तयार झाली आहेत एवढेच तो सांगतो. जनुक, त्यापासून बनणारे प्रथिन आणि त्या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच ओळीत छापल्या गेल्यामुळे हा गोंधळ होतो. मज्जासंस्थेच्या अँटीबॉडी तपासण्यात माझी वीसेक वर्षे गेली आहेत आणि नातेवाइकांचा असा गैरसमज मला नवीन नाही. रिपोर्टचा मसुदा करणारे आम्ही लोकही त्याला थोडेफार जबाबदार आहोत.

प्रथम ‘री’ या अक्षराविषयी. ज्या रुग्णाच्या रक्तात ही अँटीबॉडी पहिल्यांदा ओळखली गेली त्याच्या आडनावाची सुरुवातीची अक्षरे तिला देण्यात आली. ‘हू’ आणि ‘यो’ ही याच घराण्यातली नावेही तशीच पडली. म्हणजे ‘री’ला स्वतःचा काही अर्थ नाही. दुसऱ्या एका पद्धतीत हिलाच ‘आना-२’ असे म्हणतात. चेतापेशींच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटीबॉडींपैकी दुसरी, एवढाच त्याचा अर्थ. दोन प्रयोगशाळांच्या रिपोर्टांत ही दोन वेगळी नावे दिसली तरी अँटीबॉडी एकच आहे.

ती प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगतो, म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द किती वजनाचा आहे हे कळेल. माकडाच्या लघुमेंदूचा अतिशय पातळ छेद काचपट्टीवर असतो. त्यावर रुग्णाचा पातळ केलेला रक्तद्रव टाकायचा, धुवायचा, मग हिरवे चमकणारे रंगद्रव्य जोडलेली दुसरी अँटीबॉडी टाकायची, पुन्हा धुवायचे आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. नमुना खरोखर पॉझिटिव्ह असेल तर लघुमेंदूतल्या चेतापेशींची केंद्रके काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी उजळतात, मोठ्या पर्किंजे पेशींची तर ठसठशीत. पण केंद्रकाच्या आतला केंद्रकी नावाचा ठिपका मात्र काळाच राहतो. गंमत अशी की ‘हू’ अँटीबॉडीचे चित्रही मेंदूत हुबेहूब असेच दिसते. या दोघींना वेगळे करायचे तर नजर त्याच काचपट्टीवरच्या आतड्याच्या छेदाकडे न्यावी लागते. आतड्याच्या भिंतीतही चेतापेशींचे जाळे असते; ‘हू’ तिथलीही केंद्रके उजळवते, ‘री’ तिथे गप्प राहते. याचे कारण असे की ‘री’ ज्या प्रथिनाला पकडते ते प्रथिन, म्हणजे नोव्हा, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशींत असते; आतड्यातल्या चेतापेशींत ते या तपासणीत दिसण्याइतके नसते.

हे इतक्या बारकाईने सांगण्यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका तरुणाचा रिपोर्ट माझ्याकडे फेरतपासणीसाठी आला. कागदी पट्टीवर प्रथिनांच्या रेघा छापलेल्या असतात आणि रक्तद्रव टाकल्यावर ज्या रेघेवर रंग येतो ती पॉझिटिव्ह धरली जाते, अशी ती चाचणी होती. ‘री’च्या रेघेवर अगदी फिकट रंग आला होता आणि तेवढ्यावर त्या घराने कर्करोगाच्या शोधात दोनदा संपूर्ण शरीराचे पेट स्कॅन करून घेतले होते. मेंदूच्या छेदावर पाहिले तर काहीच उजळले नाही आणि त्याची लक्षणेही या आजाराशी जुळत नव्हती. तेव्हा आपल्या आईच्या बाबतीत पहिली विचारणा ही करा की पट्टीवरचा निकाल मेंदूच्या छेदावर पडताळून पाहिला आहे का. त्यांची लक्षणे मात्र या अँटीबॉडीशी चांगलीच जुळतात, त्यामुळे निकाल खरा असण्याची शक्यता मी बरीच मोठी मानतो.

आता जनुकाकडे वळू. नोव्हा-१ सापडले कसे, याची हकिकत आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. १९९१ मध्ये न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातले चेतातज्ज्ञ जेरोम पोस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाचा किंवा अन्य कर्करोग, तोल जाणे आणि डोळ्यांची अनियंत्रित हालचाल असे एकत्र आढळणाऱ्या रुग्णांतली ही अँटीबॉडी वर्णन केली. पुढचा प्रश्न साहजिक होता: ती चिकटते कशाला? तेव्हा रोनाल्ड बकानोविच, पोस्नर आणि रॉबर्ट डार्नेल यांनी मेंदूतल्या जनुकांच्या प्रती जिवाणूंत घालून त्यांच्याकडून मानवी प्रथिने बनवून घेतली आणि रुग्णांचा रक्तद्रव त्यांवर टाकून कोणत्या प्रथिनाला अँटीबॉडी चिकटते ते शोधले. १९९३ मध्ये ते जनुक प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्या आईच्या रक्तात आहे तसलीच अँटीबॉडी गळासारखी वापरून हे जनुक पकडले गेले. नोव्हा हे नावही त्याच इतिहासाचे आहे. ‘चेतासंस्था आणि कर्करोग यांच्याशी संबंधित, पोटाकडच्या भागात आढळणारा प्रतिजन (अँटीबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ)’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. ‘पोटाकडचा भाग’ म्हणजे पोट नव्हे. विकसित होणाऱ्या मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या खालच्या, पुढच्या अंगाला शरीररचनाशास्त्रात असे म्हणतात.

हे जनुक १४ व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर आहे. त्याचे एक भावंड, नोव्हा-२, १९ व्या गुणसूत्रावर आहे. दोघांची प्रथिने एकमेकांसारखी आहेत, पण त्यांनी मेंदूची वाटणी करून घेतली आहे असे ढोबळपणे म्हणता येईल: नोव्हा-१ प्रामुख्याने मस्तिष्कस्तंभ (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ), मध्यमेंदू, अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) आणि मज्जारज्जूत, तर नोव्हा-२ मेंदूच्या बाह्यकात आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये अधिक. अँटी-री अँटीबॉडी दोघांनाही ओळखते.

हे प्रथिन करते काय? त्यासाठी स्प्लायसिंग समजून घ्यावे लागेल. जनुकातला मजकूर सलग नसतो. प्रथिनासाठी उपयोगी असलेले तुकडे, म्हणजे एक्सॉन, आणि त्यांच्या मधले निरुपयोगी वाटणारे लांबलचक तुकडे, म्हणजे इंट्रॉन, असे आलटून पालटून येतात. जनुकाची आरएनए प्रत निघाली की तिच्यातले इंट्रॉन कापून टाकून एक्सॉन एकमेकांना जोडले जातात. या कापाकापी आणि जोडणीला स्प्लायसिंग म्हणतात. १९७७ मध्ये हे उघडकीस आले आणि त्याबद्दल फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्स यांना १९९३ चे नोबेल मिळाले. यातली खरी मेख अशी की प्रत्येक एक्सॉन दर वेळी घेतलाच जातो असे नाही. एकाच जनुकाच्या प्रतीतून कधी एखादा एक्सॉन ठेवला जातो, कधी गाळला जातो, आणि त्यानुसार थोडे वेगळे प्रथिन बनते. माणसाच्या बहुतेक जनुकांत असे पर्याय आहेत आणि त्यांचा सर्वांत जास्त वापर मेंदू करतो. कापणारी यंत्रणा सगळ्या पेशींत एकच असते. कुठे काय ठेवायचे हे तिला त्या त्या पेशीतली नियंत्रक प्रथिने सांगतात. नोव्हा हे चेतापेशींतले असे एक नियंत्रक आहे, आणि सस्तन प्राण्यांत केवळ ठरावीक ऊतकातच आढळणाऱ्या स्प्लायसिंग नियंत्रकांमध्ये सर्वांत आधी नीट उकललेल्यांपैकी एक.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मेंदूत ‘थांब’ असा संदेश देणारे गॅबा नावाचे रसायन आहे. ते ज्या ग्राहीवर जाऊन बसते त्याचा गॅमा-२ नावाचा एक घटक दोन प्रकारचा असतो, आखूड आणि लांब. लांब प्रकारात फक्त २४ अक्षरांचा (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक रासायनिक दुवा) एक एक्सॉन जास्त असतो आणि त्यामुळे प्रथिनात ८ अमिनो आम्ले वाढतात. त्या आठांत एक सेरिन असते, ज्यावर पेशीतली विकरे फॉस्फेट चढवू शकतात. म्हणजे ग्राहीच्या नियंत्रणासाठी एक जादा कळ मिळते. हा २४ अक्षरांचा तुकडा ठेवायचा की गाळायचा यावर नोव्हाचा प्रभाव असतो. नोव्हा असेल तर तो ठेवला जाण्याकडे कल वाढतो. असेच नियंत्रण ते ग्लायसिन या दुसऱ्या ‘थांब’ रसायनाच्या ग्राहीवरही ठेवते. हालचालींना लगाम घालणाऱ्या याच दोन व्यवस्था मस्तिष्कस्तंभ आणि मज्जारज्जूत प्रमुख असतात, हे आईची लक्षणे समजून घेताना लक्षात ठेवण्यासारखे आहे. मात्र ‘नोव्हा अडवली, म्हणून ग्राही बिघडले, म्हणून डोळे फिरू लागले’ अशी सरळ साखळी जोडण्याचा मोह मी टाळतो. ती कल्पना आकर्षक आहे, पण रुग्णांत काय घडते ते याहून गुंतागुंतीचे आहे, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

नोव्हा आरएनएवरची आपली जागा कशी ओळखते? तिच्या प्रथिनात केएच नावाचे तीन हात आहेत आणि ते चार अक्षरांचा एक ठरावीक क्रम शोधतात: पहिले अक्षर सी किंवा यू, दुसरे सी, तिसरे ए आणि चौथे पुन्हा सी किंवा यू. चार अक्षरांचा क्रम योगायोगानेही जागोजागी सापडतो, म्हणून एकट्यादुकट्या क्रमाला फारसे महत्त्व नसते. असे क्रम जिथे दाटीवाटीने येतात तिथे नोव्हा बसते. २००० मध्ये नोव्हा-२ च्या तिसऱ्या हाताची आरएनएला धरून ठेवलेली स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा मधल्या सी आणि ए या अक्षरांशी प्रथिनाची पकड किती नेमकी आहे ते दिसले.

यानंतर जे काम झाले ते माझ्या मते या जनुकाच्या अभ्यासातले सर्वांत सुंदर काम आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. परीक्षानळीत प्रथिन कुठे चिकटते हे कळणे वेगळे आणि जिवंत मेंदूत ते कुठे बसलेले आहे हे कळणे वेगळे. येर्ने उले आणि डार्नेल यांच्या गटाने २००३ मध्ये क्लिप नावाची पद्धत मांडली. उंदराच्या ताज्या मेंदूवर २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडले की प्रथिन ज्या आरएनएला त्या क्षणी प्रत्यक्ष टेकलेले असेल त्याच्याशी कायमचे जोडले जाते. जवळपास नुसते घुटमळणारे प्रथिन जोडले जात नाही. मग आरएनएचे तुकडे करायचे, अँटीबॉडीने नोव्हा ओढून घ्यायची, प्रथिन पचवून टाकायचे आणि उरलेला आरएनएचा तुकडा वाचायचा. पहिल्या खेपेला असे ३४० तुकडे हाती आले. आज लाखो तुकडे सहज वाचले जातात, पण रस्ता त्या ३४० तुकड्यांनी दाखवला. चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या चेतासंधींच्या प्रथिनांचे आरएनए त्यांत ठळकपणे होते. २००५ मध्ये नोव्हा-२ नसलेल्या उंदरांच्या मेंदूतले स्प्लायसिंग एकाच वेळी हजारो ठिकाणी तपासले गेले आणि पुन्हा तेच दिसले: नोव्हाच्या हुकमाखाली असलेले एक्सॉन मोठ्या प्रमाणात चेतासंधीच्या प्रथिनांचे आहेत.

२००६ मध्ये त्याच गटाने जो ‘नकाशा’ काढला त्याने एक जुने कोडे सोडवले. नोव्हामुळे काही एक्सॉन ठेवले जातात आणि काही गाळले जातात. एकच प्रथिन परस्परविरोधी हुकूम कसे देते? उत्तर जागेत होते. नोव्हा एक्सॉनच्या आत किंवा त्याच्या अलीकडे बसली तर तो एक्सॉन साधारणपणे गाळला जातो, कारण एक्सॉनवर बसलेली नोव्हा कापणाऱ्या यंत्रणेच्या पहिल्या घटकाला तिथे टेकू देत नाही. ती एक्सॉनच्या पलीकडच्या इंट्रॉनमध्ये बसली तर यंत्रणेची जुळणी सुलभ होते आणि एक्सॉन ठेवला जातो. नुसते क्रम पाहून कोणता एक्सॉन राहील आणि कोणता जाईल याचे भाकीत करता यावे इतका हा नियम पक्का निघाला, आणि पुढे अशाच प्रकारचे नकाशे इतर अनेक नियंत्रकांसाठी निघाले. नोव्हा स्वतःच्या आरएनएलाही सोडत नाही. स्वतःच्या चौथ्या एक्सॉनवर बसून ती तो गाळायला लावते. आपले रूप आणि प्रमाण आपणच आवरणारे हे जनुक आहे.

नोव्हा-१ च नसेल तर काय होते? २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्ले जन्मतःच मेली नाहीत, पण त्यांची वाढ खुंटली, अंगात कंप आणि दुबळेपणा आला आणि ती एकदोन आठवड्यांत दगावली. मस्तिष्कस्तंभ आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरत असल्याचे त्यांच्यात दिसले. नोव्हा-१ आणि नोव्हा-२ दोन्ही नसलेली पिल्ले तर पक्षाघात झाल्यासारखी निश्चल जन्मली. त्याचे एक कारण २००९ मध्ये उकलले: स्नायूवर चेतातंतू जिथे टेकतो तिथे ग्राहींची दाटी करणारे अ‍ॅग्रिन नावाचे प्रथिन चेतापेशी बनवते, आणि त्यात दोन छोटे एक्सॉन असले तरच ते प्रभावी ठरते. ते दोन एक्सॉन नोव्हा ठेवायला लावते. नोव्हा नसेल तर अ‍ॅग्रिन बनते, पण निरुपयोगी. या उंदरांना ते एक्सॉन कायम असलेले अ‍ॅग्रिन दिल्यावर ग्राहींची दाटी पूर्ववत झाली, तरी ती पिल्ले हालचाल करू लागली नाहीत. म्हणजे नोव्हाचे काम एका अ‍ॅग्रिनपुरते नव्हते.

इथे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर दडलेले आहे. नोव्हाचा खरा जनुकीय दोष असता तर तो जन्मापासून, विकसित होणाऱ्या मेंदूत दिसला असता. ५८ वर्षे सुखरूप संसार केल्यावर दोन महिन्यांत उद्भवला नसता. २०२० मध्ये नोव्हा-२ च्या बाबतीत असे रुग्ण वर्णन झाले: विकासात मागे पडलेली, बोलणे उशिरा आलेली किंवा न आलेली, स्वमग्नतेची लक्षणे असलेली मुले. त्यांच्यातले बदल आईवडिलांकडून आलेले नव्हते, नव्याने घडलेले होते. तो आजार वेगळा आणि आपल्या आईचा आजार वेगळा.

मग आईच्या शरीरात काय झाले? काही गाठी, विशेषतः स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांच्या पेशी, जे प्रथिन एरवी चेतापेशींतच असते ते नोव्हा स्वतः बनवू लागतात. मेंदूत पेशींच्या आत दडलेले हे प्रथिन शरीराच्या इतर भागांत दिसले की संरक्षणव्यवस्था त्याला परके समजते आणि त्या गाठीवर तुटून पडते. मराठीत आपण ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणतो. इथे चोर खराच आहे, पण त्याने संन्याशाची कफनी पांघरली आहे, आणि कफनी ओळखून पकडणारे शिपाई चोराबरोबर मठातल्या संन्याशांनाही मारतात. गाठीवरचा हल्ला अनेकदा इतका जोरदार असतो की गाठ लहान राहते आणि शोधायला अवघड जाते. मेंदूची लक्षणे आधी येतात आणि कर्करोग नंतर सापडतो.

एक खुलासा इथे आवश्यक आहे. नोव्हा पेशीच्या आत असते आणि अँटीबॉडी सहसा जिवंत पेशीच्या आत शिरत नाही. म्हणून रक्तात सापडणारी ही अँटीबॉडी प्रत्यक्ष मारेकरी असण्यापेक्षा हल्ला सुरू असल्याची खूण आहे असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. चेतापेशींची हानी मुख्यतः टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी करतात असे समजले जाते. याचे परिणाम उपचारांवर होतात. पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींविरुद्ध अँटीबॉडी असलेल्या आजारांत रक्तद्रव बदलून अँटीबॉडी काढून टाकली की रुग्ण झपाट्याने सुधारताना आम्ही पाहतो. इथे तशी खात्री देता येत नाही. गाठ शोधून तिचा उपचार करणे हाच पाया; सोबत स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन आणि प्रतिकारशक्ती आवरणारी इतर औषधे. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, म्हणून विलंब हा इथे सर्वांत महाग पडतो. त्यातल्या त्यात, डोळ्यांच्या सैरभैर हालचाली हे लक्षण प्रमुख असलेल्या काही रुग्णांत सुधारणा होते, हेही तितकेच खरे.

डोळ्यांच्या त्या हालचालींचे नाव ऑप्सोक्लोनस. दोन्ही डोळे एकदमच, पण आडवे, उभे, तिरपे, कुठेही, मध्ये क्षणाचीही उसंत न घेता उडत राहतात. पापण्या मिटल्या तरी पापणीखाली ती उसळी दिसते. आईचा असा तीस सेकंदांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा. भेटीच्या वेळी लक्षण नेमके शांत असते आणि चेतातज्ज्ञाला फक्त वर्णनावर भागवावे लागते, हे मी फार वेळा पाहिले आहे. जबडा आवळला जाणे किंवा घशात अचानक आवळून श्वास कोंडणे ही या अँटीबॉडीबरोबर येणारी आणखी दोन लक्षणे आहेत. श्वास कोंडल्यास वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

आता भाषेचा प्रश्न. आईचे बोलणे जड होणे म्हणजे भाषा जाणे नव्हे. शब्द त्यांना आठवतात, वाक्ये बरोबर बनतात, पण जीभ, ओठ आणि श्वास यांचा ताल सांभाळणारा लघुमेंदू आणि मस्तिष्कस्तंभ आजारी असल्यामुळे उच्चार ओढाळ होतात. त्यांना एखादे पत्र लिहायला सांगितले तर हस्ताक्षर वेडेवाकडे येईल, मजकूर मात्र बरोबर येईल.

आपण वाचलेल्या बातमीचा उगम दुसराच आहे. नोव्हा-१ च्या प्रथिनात १९७ व्या जागी आजच्या माणसांत व्हॅलिन हे अमिनो आम्ल असते. निअँडरथल आणि डेनिसोव्हन या नामशेष मानवांत, आणि उंदरांतही, तिथे आयसोल्यूसिन असते. जनुकातल्या एका अक्षराचा, ए च्या जागी जी, एवढाच हा बदल आहे. एका अक्षराचा फरक म्हटले की आपल्याला ‘ध’चा ‘मा’ आठवतो, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोन अमिनो आम्ले सख्खी भावंडे आहेत. एक कार्बन आणि दोन हायड्रोजन एवढाच फरक. हा फार तर ऱ्हस्वदीर्घाचा फरक म्हणावा. तरीही तो आजच्या जगात जवळजवळ सार्वत्रिक आहे, हे लक्षणीय आहे: तपासलेल्या ६,५०,०५८ व्यक्तींपैकी केवळ सहा जणांत जुने रूप आढळले.

२०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलिसन मुओत्री यांच्या गटाने मानवी मूलपेशींत जुने रूप घालून प्रयोगशाळेत मेंदूच्या ऊतकाचे सूक्ष्म गोळे वाढवले आणि त्यांचा आकार, पृष्ठभाग व चेतासंधी बदलल्याचे सांगितले. लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी त्याच वर्षी आक्षेप घेतला की जनुक-संपादन करताना त्या पेशींतली जनुकाची एक प्रत गमावली गेली असावी आणि दिसलेला परिणाम त्याचा असू शकतो; मूळ गटाने तो आक्षेप अमान्य केला. नोव्हासारखे स्वतःचे प्रमाण स्वतः आवरणारे जनुक असेल तिथे एक प्रत कमी होणे ही किरकोळ बाब नाही, म्हणून मला हा आक्षेप गंभीर वाटतो. २०२५ च्या फेब्रुवारीत डार्नेल यांच्याच प्रयोगशाळेने उलट दिशेने प्रयोग केला: उंदरांत मानवी रूप घातले. उंदीर धडधाकट राहिले, हालचाली बिघडल्या नाहीत. मात्र आईपासून दूर केलेल्या पिल्लांच्या आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या हाका आणि प्रौढ नरांची मादीसमोरची साद यांची घडण बदलली. काम काळजीपूर्वक केलेले आहे. पण त्यातून निघते ते एवढेच की हा बदल आवाजाशी संबंधित मज्जामार्गांवर काही परिणाम करू शकतो. ‘भाषेचे जनुक सापडले’ हा मथळा वृत्तपत्राचा आहे. फॉक्सपी-२ या दुसऱ्या जनुकाच्या वेळीही आपण तो वाचला होता. शिवाय आपल्या आईकडे, आपल्याकडे आणि हे लिहिणाऱ्याकडे तेच व्हॅलिनवाले रूप असणार, हे जवळजवळ निश्चित आहे.

तेव्हा नोव्हा-१ ची जनुकीय तपासणी आपण किंवा आपल्या मुलांनी करू नये. तिच्यातून उपयोगाचे काही हाती येणार नाही. जनुकीय तपासणीचा खरा प्रश्न वेगळ्या वाटेने येऊ शकतो. आईला स्तनाचा कर्करोग निघाला आणि घराण्यात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग आणखी कोणाला झालेला असेल, तर बीआरसीए जनुकांविषयी समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. त्याचा नोव्हाशी संबंध नाही.

आत्ता करायचे ते असे. अँटीबॉडी मेंदूच्या छेदावर पडताळून घ्या. मॅमोग्राफी आणि स्तनांची सोनोग्राफी, छातीचा सीटी स्कॅन, आणि त्यांत काही न मिळाल्यास संपूर्ण शरीराचा पेट-सीटी, या क्रमाने शोध घेतला जातो. काखेतल्या गाठींकडे विशेष लक्ष द्यायला सांगा. पहिल्या फेरीत काही सापडले नाही तर ‘सुटलो’ असे समजू नका. ‘री’ ही कर्करोगाशी दृढ संबंध असलेल्या अँटीबॉडींत मोडते, म्हणून पहिला शोध कोरा गेल्यास दर चार ते सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत, तो पुन्हा करावा असा आजचा संकेत आहे. चेतातज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ या दोघांची भेट एकाच आठवड्यात ठरवता आली तर उत्तम. एकाने दुसऱ्याच्या रिपोर्टची वाट पाहण्यात जाणारे तीनचार आठवडे आपल्याला परवडणारे नाहीत.